फरशीखालचं घर

पुण्याच्या कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्याच्या अलीकडच्या एका गल्लीत 1984 साली बांधलेली तीन मजली इमारत आहे. लिफ्ट नाही, खाली स्कूटर लावण्यापुरती जागा, मागे नारळाची दोन झाडं. माझी मावसबहीण तिथला दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घ्यायच्या विचारात होती. चटई क्षेत्र 600 चौरस फूट, मागणी 84 लाखांची. बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून ताईनं मला बरोबर नेलं. जून संपत आला होता.

दलालानं कुलूप काढलं आणि आधी सगळे दिवे लावले. भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या, रंगाचा वास अजून जात नव्हता. ताईला हॉल आवडला. ओट्याचा काळा कडप्पा काढून ग्रॅनाइट टाकू, ही भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करू, छताला पीओपी करू, असे तिचे बेत सुरू झाले. मी बाथरूमचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवला आणि खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

खालच्या काकूंनी काही न विचारता मला थेट न्हाणीघरात नेलं. छताला पोपडे सुटलेले, मधोमध ताटाएवढा तांबूस डाग, आणि बरोबर त्याखाली रंगाचा एक रिकामा डबा. डब्यात दोन बोटं पाणी. "दोन वर्षं सांगतोय हो त्यांना," काकू म्हणाल्या. "आता विकायचंच ठरवल्यावर कोण खर्च करतंय?"

त्या एका डब्यानं ताईच्या गुंतवणुकीचा सगळा हिशेब बदलला. जुनं घर घेऊन, दुरुस्त करून, भाड्यानं देऊन किंवा विकून पैसे मिळवू पाहणाऱ्यांनी घर खालच्या मजल्यावरून पाहायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

तीन घरं, एकात एक

फ्लॅटची किंमत आपण एका आकड्यात बोलतो, पण त्या आकड्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा. दुसरी इमारतीचा सांगाडा: पाया, खांब, तुळया, स्लॅब. तिसरी आतलं काम, म्हणजे फरशी, ओटा, नळ, वायरिंग, रंग, कपाटं. तिन्हींचं वय वेगवेगळ्या चालीनं वाढतं. शहराच्या मोक्याच्या भागातल्या जमिनीचा भाव लांब पल्ल्यात चढत जातो. सांगाडा दरवर्षी थोडा थोडा झिजतो; रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांतही, जुन्या इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा धरलेला असतो. आतलं काम तर दहा-बारा वर्षांतच जुनं दिसू लागतं. आणि आपली हौस नेमकी या तिसऱ्या वस्तूवर जाते.

म्हणून ताईला मी आधी जमिनीचा हिशेब करायला लावला. प्लॉट साधारण 8,000 चौरस फुटांचा, फ्लॅट 12. म्हणजे एका फ्लॅटच्या वाट्याला साडेसहाशे चौरस फुटांहून थोडी जास्त जमीन. समजा, जवळच 30,000 चौरस फुटांच्या प्लॉटवर 88 फ्लॅटचा उंच टॉवर असेल, तर तिथे एका फ्लॅटच्या वाट्याला 340 चौरस फूट पडतील, साधारण निम्मे. टॉवरमधलं घर चकचकीत असेल, लिफ्ट असेल, भाडंही जास्त येईल. पण वीस वर्षांनी फरशीचं काही उरत नाही, जमीन उरते. कोथरूडसारख्या भागातल्या जुन्या, बुटक्या इमारती गुंतवणूकदाराला खुणावतात त्या यामुळे.

हे वाचून कुणी लगेच जुन्या इमारतीकडे धाव घेऊ नये. ही जमीन खरोखर सोसायटीची आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कागद

महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीचा मूळ कायदा 1963 चा, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. त्याप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. याला अभिहस्तांतरण म्हणतात, बोलताना सगळे कन्व्हेअन्स म्हणतात. अनेक जुन्या सोसायट्यांमध्ये हे झालेलंच नसतं. इमारत उभी राहिली, बिल्डर पुढच्या कामाला लागला, पुढे वारसांत वाटण्या झाल्या, आणि सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. 2008 च्या दुरुस्तीनं यावर मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढून दिली. बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून सोसायटीला जमीन आपल्या नावे करून घेता येते. ते झालेलं नसेल तर पुनर्विकासाची बोलणी अडतात. माझ्या मते जुन्या फ्लॅटची बोली ठरवताना विचारायचा हा पहिला प्रश्न आहे. फरशीचा रंग फार नंतर येतो.

दुसरी अडचण वारसांची. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून एका मुलाचं नाव असतं आणि तोच विकायला निघालेला असतो. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य म्हणून नोंदवते, पण त्यानं तो घराचा एकटा मालक होत नाही. इतर भावंडांचे हक्क शाबूत असतात. त्यामुळे हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का, किंवा सगळे वारस करारावर सह्या करणार आहेत का, हे बघितल्याशिवाय इसार देऊ नये. भाग दाखला, 1984 पासूनच्या सगळ्या करारांची साखळी, वकिलाचा शोध अहवाल, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, एवढं आल्यावर मगच भावाची गोष्ट.

भाव ठरवायला सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे 'इंडेक्स टू', नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या नोंदणींचा शोध विनामूल्य घेता येतो. त्याच इमारतीत, त्याच गल्लीत गेल्या दोन वर्षांत कुठला फ्लॅट किती क्षेत्राचा, कितीला गेला, हे कळतं. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. नोंदणीतला आकडा हा झालेला व्यवहार असतो. मात्र तुलना करताना क्षेत्र एकाच मापानं मोजायचं. जुन्या करारांत बहुधा बिल्टअप क्षेत्र लिहिलेलं असतं, स्थावर मालमत्ता नियमनाचा रेरा कायदा आल्यापासून नवीन घरं चटई क्षेत्रावर विकली जातात. ताईच्या या फ्लॅटच्या करारात 780 चौरस फूट लिहिलं होतं, टेप लावल्यावर आतून 600 भरले. बंद केलेली गॅलरी दलालानं खोली म्हणून दाखवली होती. परवानगीशिवाय बंद केलेल्या गॅलरीचे पैसे मोजू नयेत. बँकेचा मूल्यांकनकारही ते धरत नाही.

सळई काय सांगते

ज्या काळात ही इमारत उभी राहिली तो काळ सिमेंटच्या टंचाईचा होता. सिमेंटवरचं नियंत्रण 1982 साली अंशतः उठलं आणि 1989 साली पूर्ण उठलं. तोवर परमिट, कोटा, वाट पाहणं हेच चाललेलं असायचं. त्या काळात वापरलेली सळई बहुधा टोर स्टीलची, म्हणजे थंड असताना पीळ दिलेली; ती गंजाला लवकर बळी पडते असा बांधकामातल्या लोकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. याचा अर्थ 1984 च्या सगळ्या इमारती कमकुवत आहेत असा मुळीच नाही. काही इतक्या मनापासून बांधलेल्या आहेत की आजच्या कामाला लाजवतील. पण तपासल्याशिवाय कुणावरही विश्वास टाकू नये.

काँक्रीट नवं असताना अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा ते तेराच्या आसपास. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच नऊच्या खाली उतरतो. मग सळईचं कवच जातं. त्यात वरच्या बाथरूमचं पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून आतून काँक्रीटला ढकलतो, आणि आपल्याला खालून पोपडे सुटलेले दिसतात. काकूंच्या छतावरचा तांबूस डाग हीच गोष्ट सांगत होता.

याची एक सोपी चाचणी आहे. खराब जागेवरचं काँक्रीट थोडं फोडून ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. काँक्रीट निरोगी असेल तर क्षणात गर्द गुलाबी होतं. जिथपर्यंत रंग येत नाही तिथपर्यंत त्याची ताकद सळईला वाचवण्यापुरती उरलेली नाही, असं समजायचं. काकूंच्या छतातून काढलेल्या खपलीवर सोसायटीच्या अभियंत्यानं फवारा मारला तेव्हा वरची साधारण पाऊण इंच कड राखाडीच राहिली आणि आत गुलाबी उमटली. म्हणजे दुखणं पृष्ठभागाच्या आत शिरलेलं होतं, पण स्लॅब हाताबाहेर गेलेला नव्हता. गंज घासून काढून सळईला लेप देऊन पॉलिमर मॉर्टरनं जागा भरता येईल, असं त्यानं लिहून दिलं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असतं. घर घेताना शेवटचा अहवाल मागावा. सचिव "आहे कुठेतरी" म्हणाले तर तो झालेला नाही असं धरून चालावं आणि आपल्या खर्चानं अभियंता न्यावा. त्याची फी इतर खर्चांच्या मानानं नगण्य असते.

भिंत पाडायची ताईची इच्छा मी तिथेच थांबवली. जुन्या पुण्यात बऱ्याच इमारती भार पेलणाऱ्या भिंतींवर उभ्या आहेत. त्यांत खांब नसतातच, भिंतच खांबाचं काम करते. दाराच्या चौकटीजवळ जाडी मोजली की अंदाज येतो. नऊ इंच किंवा त्याहून जाड विटांच्या भिंती एकावर एक सरळ उतरत असतील तर हात लावण्याआधी अभियंता हवाच. घाटकोपरला 25 जुलै 2017 रोजी एक चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तिथे झाला. स्वयंपाकघर मोकळं दिसावं म्हणून कुणाच्या डोक्यावरचं छत पणाला लावायचा अधिकार कुणालाच नाही.

फरशीबद्दलही असंच. जुनी मोझॅक फरशी न काढता तिच्यावरच मालाचा थर देऊन विट्रिफाइड टाइल बसवायची पद्धत आहे, कारण राडारोडा वाचतो. वजन मोजून पाहा. नऊ मिलिमीटर टाइल आणि खाली इंचभर माल मिळून दर चौरस मीटरला 70 किलोंच्या वर जातं. 600 चौरस फुटांच्या घरात हे चार टन होतात. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला 200 किलोंच्या हिशेबानं काढलेला असतो. त्यातला तिसरा हिस्सा आपण फरशीनंच खाऊन टाकतो, तोही चाळीस वर्षांच्या स्लॅबवर. एकतर जुनी फरशी काढावी, नाहीतर चिकटद्रव्याच्या पातळ थरावर बारीक टाइल लावावी. आणि तिसरा उपाय मला सगळ्यात प्रिय आहे: मोझॅक शाबूत असेल तर तिला घासून पॉलिश करावं. त्या फरशीला चाळीस वर्षं झाली तरी तिची चमक परत येते, आणि नव्या फरशीच्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात काम भागतं.

आधी पाणी, मग शोभा

माझ्या पहिल्या घरात मी हौसेनं आधी स्वयंपाकघर केलं. लाखभराची कपाटं, गुळगुळीत दारं. भिंतीतले जीआयचे जुने पाईप बदलायचं प्लंबरनं सुचवलंही नाही आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी ओट्यामागचा पाईप आतून कुजून फुटला. कपाटं उचकटावी लागली, प्लायवूड फुगलं, आणि भिंतीला झिरी मारून पुन्हा सगळं काम झालं. त्या दिवसापासून मी कामाचा क्रम बदलत नाही.

आधी निचरा. मोऱ्या, संडास, बिडाचे पाईप. मग बाथरूमचं वॉटरप्रूफिंग: जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा, भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे गोल वाटा मारायचा, रसायनाचे थर भिंतीवर फूटभर चढवायचे आणि मग पाणी कोंडायचं. हे पाणी किमान दोन दिवस, जमलं तर तीन दिवस ठेवायचं आणि रोज खालच्या घरी जाऊन छत बघायचं. फरशी त्यानंतर. मिस्त्रीला घाई असते, त्याचं दुसरीकडे काम अडलेलं असतं. तरी हे तीन दिवस सोडायचे नाहीत. बाथरूम जिथे आहे तिथेच ठेवायचं. खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आपला संडास नेण्याची कल्पना कागदावर कितीही सोयीची वाटली, तरी तिथून भांडण आणि ओल दोन्ही सुरू होतात.

मग वायरिंग. 1984 च्या घरात एसी नव्हता, गीझर बहुधा एकच, मायक्रोवेव्ह कुणी पाहिला नव्हता. अर्थिंग कित्येक ठिकाणी नावाला असतं. मीटरपासून नवी तार, एमसीबी, आणि माणसाला बसलेला झटका जीवघेणा ठरायच्या आत वीज तोडणारा आरसीसीबी. हा शेवटचा खर्च भाडेकरूला दिसत नाही, त्याच्या जिवाला मात्र लागू पडतो. रंग आणि पडदे सगळ्यात शेवटी, आणि त्यांत मी फारसा वेळ घालवत नाही.

हिशेब

ताईनं अभियंत्याचा अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाज विकणाऱ्यांसमोर ठेवला. आवाज न चढवता. चार बैठकांनंतर सौदा 80 लाखांवर आला. ते चार लाख ही तिची या गुंतवणुकीतली पहिली आणि सगळ्यात खात्रीची कमाई. व्यापारात म्हणतात ना, माल घेताना कमवावं. घराला हे शंभर टक्के लागू आहे.

आता पूर्ण खर्च. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के आहे. एकट्या स्त्रीच्या नावे घर घेतलं तर 1 टक्का सवलत. ताईच्या नावे 6 टक्क्यांनी 4 लाख 80 हजार. नोंदणी फी 30 हजार. दलाली 1 टक्का म्हणजे 80 हजार, वकील 25 हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क 25 हजार, जे नियमानं याहून जास्त घेता येत नाही. तिनं 60 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं, म्हणजे महिन्याला 42,500 रुपये व्याज. काम चार महिने चाललं तर 1 लाख 70 हजार. त्या चार महिन्यांचा देखभाल खर्च 12 हजार. आणि ताईच्या मनातलं नूतनीकरण 9 लाखांचं. बेरीज: 97 लाख 22 हजार.

हेच घर काम संपताच विकायला काढलं आणि विकताना पुन्हा 1 टक्का दलाली दिली, तर 98 लाख 20 हजार आल्याशिवाय हातात एक रुपयाही उरत नाही. म्हणजे 80 लाखांच्या घराची किंमत चार महिन्यांत जवळपास 23 टक्के चढायला हवी, तीही फक्त बरोबरीत सुटण्यासाठी. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात धरला जातो आणि आपल्या टप्प्याच्या दरानं कर लागतो.

अमेरिकेत घरं घेऊन, दुरुस्त करून लगेच विकण्याचा धंदा जोरात चालतो, टीव्हीवर त्याचे कार्यक्रम असतात, आणि ते बघून आपल्याकडेही तरुण मुलं हुरळतात. तिथले लोक एक ठोकताळा वापरतात: दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्याच्या 70 टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करा, त्याहून जास्त मोजू नका. ठोकताळा शहाणपणाचा आहे. पण तिथे बरीचशी घरं स्वतंत्र, लाकडी सांगाड्याची, स्वतःच्या जमिनीवरची; भिंत हलवणं, खोली वाढवणं मालकाच्या हातात असतं. घर नावावर करण्याचा करही बहुतेक राज्यांत आपल्या मुद्रांक शुल्काच्या मानानं किरकोळ, टेक्साससारख्या राज्यात तर नाहीच. आपल्याकडे फ्लॅटचं क्षेत्र वाढवता येत नाही आणि सरकारचा वाटा दारातच द्यावा लागतो. म्हणून पुण्या-मुंबईत दुरुस्त केलेलं घर पाच-सात वर्षं तरी धरून ठेवायची तयारी असलेल्यानंच घ्यावं.

धरून ठेवायचं म्हणजे भाडं आलं. काहीच काम न करता त्या घराला 19 हजार मिळाले असते. 9 लाख घालून 25 हजार. वर्षात एक महिना घर रिकामं धरलं तर वाढीव भाडं 66 हजार होतं. 9 लाख वसूल व्हायला साडेतेरा वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि कपाटं तोवर टिकत नाहीत. मग आम्ही यादीतून पीओपी, बार काउंटर, टीव्हीमागचं लाकडी पॅनेल, नवी फरशी काढून टाकली. राहिलं ते पाणी, वीज, बाथरूम, साधा पण मजबूत ओटा, मोझॅकचं पॉलिश, खिडक्यांना जाळ्या. खर्च साडेचार लाख, अपेक्षित भाडं साडेतेवीस हजार. वाढीव भाडं वर्षाला 49,500, वसुली नऊ वर्षांत. म्हणजे वरचे साडेचार लाख महिन्याला फक्त दीड हजारांसाठी घालायचे होते. त्यांच्या वसुलीला 27 वर्षं लागली असती. नूतनीकरणाचा पहिला अर्धा खर्च घर राहण्याजोगं करतो, दुसरा अर्धा मालकाचं समाधान करतो. स्वतः राहायचं असेल तर ते समाधान मोलाचं आहे, मी त्याला कधीच नाव ठेवणार नाही. भाड्याच्या घरात त्याचे पैसे कुणी देत नाही.

25 हजारांच्या भाड्यातूनही देखभाल, सोसायटीचं ना-वास्तव्य शुल्क (सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं), मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्त्या आणि दलाली वजा केली तर हातात दोन लाखांच्या आत उरलं असतं. 97 लाखांवर जेमतेम 2 टक्के. भाड्याचं उत्पन्न बँकेच्या ठेवीच्या जवळपासही येत नाही हे ताईला मी स्पष्ट सांगितलं. या गुंतवणुकीचा जीव जमिनीत आहे.

रस्ता मोजा

त्यामुळे शेवटी पुनर्विकासाकडे यावंच लागतं. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या तुलनेत किती बांधता येतं ते प्रमाण, 1.1 आहे; त्यावर अधिमूल्य भरून किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घेऊन मिळणारं जादा बांधकाम समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ते मिळणं अवघड. बिल्डर कितीही गोड बोलला तरी जादा बांधकाम नसेल तर त्याला विकायला काही उरत नाही, आणि जुन्या सदस्यांना मोठं घर कुठून देणार? म्हणून मी टेप घेऊन गल्ली मोजतो. ताईच्या गल्लीत एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत साडेनऊ मीटर भरले. महापालिकेच्या विकास आराखड्यातली रुंदी वेगळी पाहावी लागते, पण सुरुवात बरी होती.

पुनर्विकासाला सोसायटीच्या 51 टक्के सदस्यांची संमती लागते. बारा फ्लॅटमध्ये सात जण. जिन्यात भेटलेल्या माणसांशी बोलूनच त्याचा अंदाज घ्यावा लागतो. दोन कुटुंबं परदेशात, तीन घरी एकटी म्हातारी माणसं ज्यांना घर सोडायची भीती वाटते, काकू तयार, सचिव द्विधा. पुनर्विकास दोन वर्षांत होणार असेल तर नूतनीकरणावर पैसे घालणं म्हणजे ते पाण्यात टाकणं. दहा वर्षं होणार नसेल तर साडेचार लाखांचं काम योग्यच. माझा अंदाज सात-आठ वर्षांचा पडला, आणि ताईनं त्याच हिशेबानं खर्च बेतला.

बिलांची फाइल मात्र मी तिला पहिल्या दिवसापासून करायला लावली. बाथरूम, पाईप, वायरिंग यांसारख्या सुधारणांचा खर्च विकताना भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण पावती आणि बँकेतून दिलेले पैसे दाखवता आले तरच. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या नफ्याला 12.5 टक्के कर आहे आणि त्यानंतर घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. म्हणून आता प्रत्येक पावतीचं वजन वाढलं आहे. 50 लाख किंवा त्यावरच्या खरेदीत विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का कर कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, तेही चलन त्याच फाइलमध्ये.

काम पावसाळ्यातच झालं. बाथरूममध्ये पाणी कोंडलं तेव्हा ताई तीन दिवस सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जात होती. तिसऱ्या दिवशी काकूंनी स्टुलावर चढून स्वतः छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. खालच्या छताच्या दुरुस्तीचा खर्च ताईनंच केला. तो तिनं आधीच 80 लाखांच्या बोलीत धरला होता. दिवाळीआधी भाडेकरू आले, दोघंही जवळच्या महाविद्यालयात शिकवणारे.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा गच्चीवर आहे. विषयपत्रिकेवर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आहे. काकूंनी चार घरांतून मूळ करारांच्या झेरॉक्स गोळा करून ठेवल्यात, आणि परदेशातल्या दोन्ही कुटुंबांना ताईनं पत्रं पाठवली आहेत. एकाचं उत्तर आलंय.